अमेरिकेतील आरंभीच्या काळातील पूर्वजाचा शोध : जनगणना आणि प्रोबेट नोंदींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत सून किंवा जावई तिथल्या जुन्या कुटुंबांतून आलेले असतात. नातवंडांची वंशावळ मांडायला बसले की आपल्याकडची बाजू त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बाप, मुलगा, भाऊ अशी नात्यांसह सापडू शकते. दुसरी बाजू मात्र 1850 च्या मागे गेली की अडखळते, कारण तिथल्या जुन्या जनगणनेत नाती लिहिलेलीच नसतात. ती नाती बहुतेक वेळा मृत्युपत्रांच्या आणि मालमत्तेच्या वाटपाच्या कागदांत, म्हणजे प्रोबेट नोंदींत मिळतात. 1790 ते 1840 या काळातील पूर्वज शोधणाऱ्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

शोध 1790 च्या पहिल्या जनगणनेपासून सुरू करावा का?

नाही. सुरुवात नेहमी अलीकडच्या, खात्रीच्या माणसापासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि तिच्यातील व्यक्तिगत नोंदी 72 वर्षांनंतर खुल्या केल्या जातात. त्यानुसार 1950 च्या नोंदी 1 एप्रिल 2022 रोजी सर्वांसाठी उपलब्ध झाल्या. तिथून मागे जाताना 1890 चा मोठा खड्डा लागतो, कारण वॉशिंग्टनमधील वाणिज्य खात्याच्या इमारतीला जानेवारी 1921 मध्ये लागलेल्या आगीत त्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले. 1880 च्या नोंदीत प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते प्रथमच लिहिले गेले. 1850 आणि 1860 मध्ये घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्माचे राज्य मिळते, पण नाते मिळत नाही. 1850 मध्ये सत्तरीत असलेला माणूस कोणत्या राज्यात जन्मला हे त्याच नोंदीतून कळते, आणि पुढचा शोध कोठे करायचा हे त्यावरून ठरते. हा टप्पा ओलांडून एकदम 1790 च्या यादीत आडनाव शोधायला गेल्यास त्या आडनावाचा कोणीतरी माणूस नक्की सापडतो. तो आपला असेलच असे नाही.

1850 पूर्वीच्या जनगणनेत नेमके काय लिहिलेले असते?

फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि त्यापुढे आकडे. 1790 मध्ये रकाने पाचच होते : सोळा वर्षे व त्याहून मोठे स्वतंत्र गोरे पुरुष, सोळाहून लहान मुलगे, सर्व वयांच्या गोऱ्या स्त्रिया एकत्र, इतर सर्व स्वतंत्र व्यक्ती, आणि गुलाम. घरात आजी, आई आणि चार मुली असतील तर त्या सहाजणींच्या वाट्याला एकच आकडा येतो. 1800 आणि 1810 मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठी वयाचे पाच गट आले. 1820 मध्ये पुरुषांसाठी सोळा ते अठरा असा आणखी एक रकाना जोडला गेला. त्यातील मुलगे सोळा ते सव्वीस या गटातही मोजले जात असल्याने दोन्ही रकान्यांची सरसकट बेरीज केल्यास घरात नसलेला एक मुलगा वाढतो. 1830 पासून गट बारीक झाले आणि 1840 मध्ये स्वातंत्र्ययुद्धाचे किंवा अन्य लष्करी सेवेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे नाव व वय दुसऱ्या पानावर स्वतंत्रपणे नोंदवले गेले, जे अनेकदा नजरेतून सुटते.

मोजणीचे हे काम संघराज्याच्या मार्शलांनी (संघीय न्यायालयांच्या अधिकाऱ्यांनी) नेमलेल्या सहायकांनी केले. छापील तक्ते केंद्राकडून 1830 पर्यंत मिळत नव्हते, त्यामुळे कागद आणि रेघा ज्याच्या त्याच्या असत. काही सहायकांनी मूळ यादी घरांच्या क्रमाने न ठेवता आडनावांच्या वर्णानुक्रमाने पुन्हा उतरवली. वाचायला ती सोपी वाटते, पण शेजारी कोण होते ही सर्वांत मोलाची माहिती अशा यादीतून कायमची गेलेली असते.

नुसत्या आकड्यांवरून जन्मवर्ष कसे काढायचे?

एका जनगणनेवरून निघत नाही, पण तीन-चार जनगणना एकावर एक ठेवल्यास बरेच जवळ जाता येते. समजा एक कुटुंबप्रमुख 1800 मध्ये सव्वीस ते पंचेचाळीस या गटात आहे. त्या वर्षी जनगणनेचा दिवस 4 ऑगस्ट होता, म्हणून त्याचा जन्म ऑगस्ट 1755 ते ऑगस्ट 1774 या दरम्यानचा. 1810 मध्ये तोच माणूस पंचेचाळीस वर्षांवरील गटात दिसला, तर जन्म ऑगस्ट 1765 च्या आधीचा ठरतो. 1830 मध्ये तो साठ ते सत्तर या गटात असेल तर जन्म जून 1760 च्या आधीचा असू शकत नाही. तिन्ही अटी एकत्र केल्यावर 1760 च्या मध्यापासून 1765 च्या मध्यापर्यंतची पाच वर्षे उरतात. हीच रीत बायको आणि मुलांच्या रकान्यांना लावावी आणि प्रत्येक मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या गटात असायला हवा याचा तक्ता करावा.

येथे जनगणनेचा दिवस महत्त्वाचा आहे. 1790 मध्ये तो 2 ऑगस्ट होता. गणना करणारा माणूस दारात महिनोन्‌महिने उशिरा आला तरी नोंद त्या दिवशीच्या स्थितीची व्हावी असा नियम होता. बेंजामिन फ्रँकलिन 17 एप्रिल 1790 रोजी फिलाडेल्फियात वारले; देशाच्या घडणीत एवढा वाटा असूनही देशाच्या पहिल्या मोजणीत त्यांना जागा नव्हती. नियम मात्र सगळीकडे काटेकोरपणे पाळला गेला नाही, म्हणून एखादे तान्हे मूल रकान्यात जास्त दिसले तर लगेच सिद्धान्त मांडू नये.

रकान्यात मोजलेली सर्व मुले कुटुंबप्रमुखाचीच मानावीत का?

मानू नयेत. पोरकी भाची, शिकाऊ कामगार, शेतगडी, विधवा मेहुणी, पहिल्या लग्नाची सावत्र मुले, सगळे त्याच आकड्यांत असतात. उलट, 1800 मध्ये तेरा वर्षांचा असलेला आपला पूर्वज दुसऱ्याच्या घरी काम शिकत असेल तर वडिलांच्या रकान्यात तो दिसणारच नाही.

आमच्या राज्याची 1790 ची यादी मिळत नाही. ती 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळले तेव्हा जळाली, हे खरे आहे का?

डेलावेअर, जॉर्जिया, केंटकी, न्यू जर्सी, व्हर्जिनिया आणि पुढे टेनेसी झालेला प्रदेश यांच्या 1790 च्या याद्या उपलब्ध नाहीत, आणि दोष इंग्रजांवर टाकण्याची प्रथा जुनी आहे. पण ही कथा कागदावर टिकत नाही. आरंभीच्या जनगणनांच्या मूळ याद्या त्या त्या जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात ठेवायच्या होत्या, राजधानीला केवळ बेरजा पाठवायच्या होत्या. याद्या वॉशिंग्टनला मागवून घेण्याचा कायदा 1830 मध्ये झाला. म्हणजे बहुतेक याद्या 1814 मध्ये तिथे असण्याचे कारणच नव्हते. त्या आपापल्या न्यायालयांतच हरवल्या असाव्यात, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

पर्याय करांच्या याद्यांत शोधावा. व्हर्जिनियाने 1782 पासून जमीन आणि जंगम मालमत्ता यांवरील कराच्या याद्या दरवर्षी ठेवल्या आणि त्यांची एक प्रत राज्याच्या राजधानीला जात असे. केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियाचाच भाग असल्याने तिथेही हीच पद्धत होती. दर वर्षाची यादी पाहिली तर मुलगा वयात येऊन बापाच्या नावापुढच्या संख्येत कधी आला, स्वतःच्या नावाने कधी वेगळा झाला, आणि बापाच्या जागी आईचे नाव कोणत्या वर्षी आले हे दिसते. दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या जनगणनेपेक्षा हे साधन माझ्या मते कितीतरी सरस आहे, आणि तरीही लोक त्याकडे शेवटी वळतात.

प्रोबेट नोंदी म्हणजे केवळ मृत्युपत्र का?

मृत्युपत्र हा त्या गठ्ठ्यातील एक कागद आहे, आणि अनेक गठ्ठ्यांत तो नसतोच. माणूस मेल्यावर त्याची मालमत्ता कर्जे फेडून वारसांपर्यंत पोहोचेपर्यंत न्यायालयासमोर जे जे घडते त्या सर्वांची नोंद प्रोबेटमध्ये येते. मृत्युपत्र असेल तर ते साक्षीदारांच्या जबानीने सिद्ध होते; मृत्युपत्राची तारीख आणि ते सिद्ध झाल्याची तारीख यांच्या दरम्यान मृत्यू झाला, एवढे निश्चित होते. त्यानंतर मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्याचा जामीनकतबा होतो, आणि त्यात जामीन राहिलेले लोक अनेकदा विधवेचे भाऊ किंवा वडील असतात. मग बहुधा तीन शेजारी घरातील जंगम वस्तूंची किमतींसह यादी करतात. लिलाव झाला तर कोणी काय विकत घेतले याची यादी होते आणि विधवा स्वतःच्याच स्वयंपाकघरातील भांडी बोली लावून घेताना दिसते. पुढे हिशेब, अज्ञान मुलांसाठी पालकांची नेमणूक, आणि शेवटी वाटप.

पालकाच्या नेमणुकीबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वडील वारले की आई हयात असली तरी कागदोपत्री मूल पोरकेच म्हटले जाई, म्हणून त्या नोंदीवरून आईही मेली असा निष्कर्ष काढू नये. तसेच चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला आपला पालक स्वतः निवडण्याची मुभा सर्वसाधारणपणे असे. एकाच दिवशी दोन मुलांनी पालक निवडला आणि तिसऱ्यासाठी न्यायालयाने नेमला, तर तिघांच्या वयांचा अंदाज तिथेच मिळतो.

पूर्वजाने मृत्युपत्र केले नव्हते. मग शोध संपला का?

उलट, मृत्युपत्र नसलेला पूर्वज कित्येकदा जास्त उपयोगी ठरतो. मृत्युपत्र करणारा आपल्या मर्जीने काहींची नावे घेतो, काहींची गाळतो. विनामृत्युपत्र मेलेल्याची मालमत्ता कायद्याने वाटायची असल्यामुळे सर्व वारस मोजावे लागतात, मेलेल्या मुलीच्या मुलांसकट. वाटपाच्या आदेशात विवाहित मुली नवऱ्याच्या नावासह येतात. विधवेला जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा तिच्या हयातीपुरता मिळत असे, आणि ती वारल्यावर, कधी वीस-तीस वर्षांनी, सर्व वारस मिळून तो तुकडा विकत असत. ते खरेदीखत जमिनीच्या दस्तांत असते, प्रोबेटच्या गठ्ठ्यात नसते; पण परराज्यात गेलेले भाऊ-बहीण आपापल्या काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नावासह त्यावर सह्या करतात. मूळ काउंटीतील असे एक खरेदीखत संपूर्ण कुटुंब उभे करू शकते.

वाटप कोणत्या कायद्याने झाले हे मृत्यूच्या तारखेवर अवलंबून असते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे त्याच नावाचे आजोबा मे 1786 मध्ये केंटकीत मारले गेले. मृत्युपत्र नव्हते. 1788 मध्ये नेल्सन काउंटीच्या न्यायालयाने प्रशासक (मालमत्तेचा कारभार पाहणारा) नेमून यादी करवली. तीत घोडे, गाई-वासरे, बंदुका, अवजारे, पिसांच्या गाद्या अशा जंगम वस्तू आहेत. जमीन मात्र थोरला मुलगा मोर्डेकाय याच्याकडे गेली, कारण केंटकी तेव्हा व्हर्जिनियात होते आणि ज्येष्ठ पुत्राला सर्व जमीन देणारा जुना वारसाहक्क रद्द करणारा व्हर्जिनियाचा 1785 चा कायदा 1 जानेवारी 1787 पासून लागू झाला. अध्यक्षांचे वडील थॉमस तेव्हा साधारण आठ वर्षांचे होते. आजोबा आठ महिने अधिक जगते तर जमिनीची वाटणी वेगळी झाली असती. केंटकीच्या 1790 आणि 1800 च्या जनगणनेच्या याद्या उपलब्ध नसल्याने, या घराण्याच्या त्या वर्षांसाठी न्यायालयाचे आणि कराचे कागदच आधाराला उरतात. न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडील राज्यांच्या) बहुतेक भागांत वेगळी चाल होती : तिथे वसाहतकाळात विनामृत्युपत्र वाटपात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा आणि बाकीच्यांना एकेक वाटा मिळे, त्यामुळे वाटे मोजून मुलांची संख्या काढता येते.

मृत्युपत्रात आमच्या पूर्वजाचे नाव नाही किंवा त्याला फक्त एक शिलिंग दिले आहे. वडिलांनी त्याला तोडले होते का?

बहुधा नाही. थोरल्या मुलाला लग्नाच्या वेळी शेत देऊन झालेले असते आणि मृत्युपत्रात त्याचा उल्लेखच नसतो, किंवा त्याला विसरलो नाही हे दाखवण्यापुरती नाममात्र रक्कम असते. 1787 पूर्वीच्या व्हर्जिनियात तर जमिनीविषयी मौन पाळले तरी ती कायद्यानेच थोरल्याची होत असे. म्हणून मृत्युपत्राच्या आधीच्या वीस वर्षांतील बापाने मुलाला दिलेली बक्षीसपत्रे पाहावीत. भांडणाचा उल्लेख ज्या मृत्युपत्रात असतो तिथे तो सहसा स्पष्ट असतो. फ्रँकलिन यांनी स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी निष्ठ राहिलेल्या मुलाला कमी का दिले हे मृत्युपत्रातच सांगून टाकले.

नात्यांच्या शब्दांबाबतही सावध राहावे. त्या काळी सन-इन-लॉ हा शब्द सावत्र मुलासाठीही वापरत, आणि कझिन म्हणजे पुतण्या किंवा भाचाही असू शकतो.

नोंदी कोणत्या न्यायालयात शोधायच्या?

सर्वसाधारण उत्तर काउंटी हे आहे, पण अपवाद इतके आहेत की आधी राज्याची व्यवस्था वाचून घ्यावी. पेनसिल्व्हेनियात मृत्युपत्रे नोंदवणारा अधिकारी वेगळा आणि अज्ञान मुलांचे व वाटपाचे न्यायालय वेगळे. न्यूयॉर्कमध्ये हे काम सरोगेट नावाच्या न्यायालयाकडे. कनेक्टिकटमध्ये प्रोबेटचे स्वतंत्र जिल्हे आहेत, ज्यांच्या सीमा काउंटीशी जुळत नाहीत, आणि जुने मूळ कागद हार्टफर्ड येथील राज्य ग्रंथालयात आहेत. ऱ्होड आयलंडमध्ये हे काम गावाच्या कौन्सिलकडे असे. साउथ कॅरोलिनाच्या आतील भागात वसाहतकाळी मेलेल्या शेतकऱ्याचे कागद चार्ल्सटनला सापडतात.

काउंट्या सारख्या फुटत असत, आणि जुने कागद मूळ काउंटीतच राहत. एकाच शेतात जन्मून तिथेच मेलेला माणूस तीन काउंट्यांत नोंदलेला असू शकतो. मेन 1820 पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये होते, वेस्ट व्हर्जिनिया 1863 पर्यंत व्हर्जिनियात. पूर्व व्हर्जिनियातील काही काउंट्यांनी यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी आपल्या वह्या रिचमंडला पाठवल्या आणि एप्रिल 1865 मध्ये रिचमंडच्या आगीत त्या तिथेच जळाल्या.

मूळ कागद आणि वहीतील नक्कल यांत फरक करावा. वहीत दिसणारी सही कारकुनाच्या हातची असते, आणि नक्कल करताना एखादे मूल गळूनही जाते. शक्य तिथे मूळ कागद पाहावा. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांचे मूळ मृत्युपत्र यादवी युद्धात फेअरफॅक्स काउंटीच्या न्यायालयातून लांबवले गेले, पुढे ते जे. पी. मॉर्गन यांच्या संग्रहात पोहोचले आणि 1915 मध्ये परत आले. बाकीच्यांच्या पूर्वजांच्या कागदांना एवढे नशीब लाभत नाही.

स्त्री पूर्वजाचे माहेर कसे शोधायचे?

विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा असल्यामुळे तिचे स्वतःचे मृत्युपत्र क्वचित आढळते. विधवा आणि अविवाहित स्त्रियांची मृत्युपत्रे मात्र मिळतात आणि ती वाचनीय असतात, कारण त्यांत गाऊन, चमचे, गादी अशा एकेका वस्तूची वारस मुलगी, नात किंवा भाची नावाने सांगितलेली असते. माहेर शोधण्याचा चांगला मार्ग उलट दिशेने जातो : ती ज्या गावात लग्नाच्या वेळी राहत होती तिथे पुढच्या चाळीस वर्षांत मेलेल्या संभाव्य वडिलांची मृत्युपत्रे आणि वाटपे वाचावीत आणि जावई म्हणून तिच्या नवऱ्याचे नाव येते का ते पाहावे. तिच्या नवऱ्याच्या मालमत्तेच्या कारभारासाठी राहिलेले जामीन आणि मुलांचे पालक कोण होते, हेही त्याच यादीशी ताडावे.

गुलामगिरीत असलेल्या पूर्वजांचा शोध या नोंदींतून घेता येतो का?

येतो, पण तो मालकाच्या कागदांतून घ्यावा लागतो. 1870 च्या जनगणनेत माजी गुलाम प्रथमच नाव-आडनावासह दिसतात. 1850 आणि 1860 मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचे नाव आणि खाली वय, लिंग, वर्ण एवढेच असते, बहुतेक ठिकाणी नाव नसते. मालक मेला की मात्र त्याच्या मालमत्तेच्या यादीत गुरे आणि नांगर यांच्याच रांगेत माणसांची नावे किमतीसह येतात, कधी आई आणि तान्हे मूल एकत्र. वाटपात त्यांचे गट पाडून वारसांना दिले जात, म्हणून कोणते मूल कोणत्या वारसाबरोबर कोणत्या काउंटीत गेले हे तिथून कळते. वाटप होईपर्यंत मजुरीला दिलेल्यांची नावे हिशेबांत वर्षानुवर्षे येतात.

माउंट व्हर्नन या वॉशिंग्टन यांच्या शेतवाडीचे उदाहरण येथे बोलके आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी 1799 मध्ये केलेल्या यादीत 317 गुलाम आहेत, पण मृत्युपत्राने त्यांना मुक्त करता आले ते स्वतःचे 123. निम्म्याच्या आसपास लोक मार्था यांच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून हयातीपुरत्या हक्काने आलेले होते आणि 1802 मध्ये त्या वारल्यावर ते त्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या वारसांत वाटले गेले. दोन्ही गटांत परस्परांशी लग्ने झालेली होती. कोण मुक्त होणार हे एका जुन्या प्रोबेटने ठरले होते.

1870 पासून मागे जाताना तेव्हाचे शेजारी, माजी मालकांची घरे आणि फ्रीडमन्स बँकेच्या (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या बचत बँकेच्या) 1865 ते 1874 या काळातील खातेदारांच्या नोंदी पाहून मालकाचे नाव निश्चित करावे, मगच प्रोबेटकडे वळावे.

तारखा जुळत नाहीत. मृत्युपत्र मृत्यूनंतर लिहिल्यासारखे दिसते. काय झाले असावे?

1752 पूर्वीची तारीख असेल तर कारण पंचांगात आहे. ब्रिटिश वसाहतींत तोवर वर्ष 25 मार्चला सुरू होत असे, त्यामुळे डिसेंबर 1731 नंतर जानेवारी 1731 येई. जानेवारी ते मार्चमधील तारखा 1731/2 अशा जोडवर्षाने लिहिलेल्या दिसतात. त्या जशाच्या तशा उतरवाव्यात.

एकाच काउंटीत एकाच नावाचे दोघे आहेत. आपला कोणता?

वंशावळी सर्वाधिक चुकतात त्या येथे. नावापुढचे थोरला-धाकटा हे बाप-मुलगाच असतील असे नाही. ते काका-पुतणे किंवा एकमेकांशी संबंध नसलेले दोघेही असू शकतात, आणि थोरला मेला की धाकटा थोरला होतो. दोघांच्या नोंदी स्वतंत्र स्तंभांत मांडाव्यात : जमीन कोणत्या ओढ्याकाठी, खरेदीखतावर हक्क सोडणारी पत्नी कोण, सही करतो की सहीऐवजी खूण, साक्षीदार कोण, जनगणनेत शेजारी कोण. एकाचे वाटप 1812 मध्ये झाले आणि 1820 च्या जनगणनेत त्याच नावाचा माणूस आहे, तर तो दुसरा. नाव जुळणे ही शोधाची सुरुवात आहे. माणूस जुळला असे म्हणण्यासाठी नावाखेरीज निदान आणखी दोन स्वतंत्र दुवे हवेत, असा नियम मी स्वतः पाळतो.

हे सर्व भारतातून करता येते का, आणि खर्च किती?

बराचसा भाग विनामूल्य होतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मोफत खाते उघडून जनगणनेच्या मूळ पानांची चित्रे आणि अनेक काउंट्यांच्या प्रोबेट वह्या घरबसल्या पाहता येतात. काही चित्रे मात्र त्यांच्या केंद्रांत जाऊनच उघडतात. सूचीत नाव नाही म्हणजे नोंद नाही असे समजू नये, कारण पूर्वी सूची केवळ मृताच्या नावाने केली जाई. 2024 पासून तिथे हस्तलिखित मजकुरात थेट शब्द शोधण्याची सोय आली असून ती जमिनीच्या आणि प्रोबेटच्या कागदांपासूनच सुरू झाली. त्यामुळे दुसऱ्याच्या लिलावात नांगर विकत घेणारा, साक्षीदार असणारा किंवा जामीन राहिलेला पूर्वजही सापडू लागला आहे. शोधताना आडनावाची चार-पाच संभाव्य स्पेलिंगे द्यावीत आणि काउंटीचे नाव त्या वर्षी जे होते तेच द्यावे. चित्र उतरवून घेताना वहीचे मुखपृष्ठ, खंड आणि पानाचा क्रमांकही सोबत उतरवून ठेवावा.